थर्माकोलचा कठडा

अंधेरीच्या गावठाणातलं आमचं दुमजली घर येणारा-जाणारा थांबून बघायचा. रंगीत काचांच्या खिडक्या, नक्षीची गॅलरी आणि आत आजोबांनी करून घेतलेला सागवानी जिना. दर दसऱ्याला बाबा त्याचा कठडा स्वतः अळशीच्या तेलाने पुसायचे, आम्हाला हात लावू देत नसत. डोळे अधू झाल्यावरही त्या कठड्याच्या भरवशावर ते भराभर जिना उतरत.

मागच्या वर्षी शूटिंगवाले आले. एवढं झकास घर अख्ख्या अंधेरीत नाही म्हणाले आणि माझी छाती फुगली. कॅमेऱ्याला वळणावरचा कठडा आडवा येत होता. तेवढा काढून, हवा तेव्हा उचलून बाजूला ठेवता येईल असा थर्माकोलचा लावू, काम झालं की खरा परत बसवू, असं ठरलं. बाबा तेव्हा भांडुपला आत्याकडे होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मलाच घराबाहेर काढलं असतं, म्हणून विचारलं नाही.

खोटा कठडा इतका हुबेहूब रंगवला होता की मी शेजाऱ्यांना बोलावून, ओळखा बरं यातला खरा कुठला, असा खेळ केला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

बाबा एक दिवस आधीच परत आले. संध्याकाळी मी त्यांना भिंतीकडेने, हात धरून वर नेलं. सकाळी सुतार येणारच आहे, कशाला उगाच बोलणी खायची, म्हणून गप्प बसलो. पहाटे दूध घ्यायला तेच खाली उतरतात, हे डोक्यातच आलं नाही.

ते पडले, खुबा मोडला. शेजारी अँब्युलन्सला फोन करत होते, तेव्हा मी थर्माकोलचे तुकडे गोळा करून माळ्यावर टाकत होतो. लाज वाटते सांगायला. ज्यांना मी तो खेळ दाखवला होता, त्यांच्यापैकीही कोणी बाबांना काही बोललं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्यांचं रोज एकच चालायचं. लाकूड आतून किडलं असणार, आपलं लक्ष गेलं नाही, बाकीचा कठडा सुताराला दाखव, पोरं जिन्यावर खेळतात. मी मान डोलवायचो. रोज ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि रोज तसाच परत यायचो.

तिसऱ्या आठवड्यात छातीत कफ साठला. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला.

"बापाचं घर मला सांभाळता आलं नाही रे. माफ कर मला."

मी म्हटलं, "असू दे, बाबा."