आमचा बँड आणि आईचे गुडघे

वणीत रॉक बँड काढायचा म्हणजे आधी धूळ झटकायला शिकावं लागतं. कोळशाचे ट्रक दिवसभर रस्त्यानं जातात आणि जे काही उघडं असेल त्यावर काळा थर बसतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या सायीवर, गिटारच्या तारांवर. मी स्वतः वजनकाट्यावर नोकरीला आहे, भरलेल्या ट्रकांची वजनं लिहितो, त्यामुळे या धुळीबद्दल मला कोणी काही सांगू नये. आम्ही काळे टी-शर्ट घ्यायचो ते रॉक बँड म्हणून, असं बाहेरगावच्या लोकांना वाटायचं. आम्ही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

बँड सुरू झाला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. चर्चच्या तरुण संघातले आम्ही तिघं. मी गिटारवर. माझा मावसभाऊ ड्रमवर; त्याचं गॅरेज आहे, त्यामुळे ठोकायची सवय होतीच. गायक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्याच्याही गळ्यात एक गिटार असायची आणि गाणी तोच लिहायचा. त्याच्या प्रत्येक गाण्यात 'तारण' यायचं आणि पुढच्या ओळीत 'कारण' यायचं, मग कारण असो की नसो. प्रभूची स्तुती करायची, पण मोठ्या आवाजात करायची, एवढंच आमचं धोरण होतं. पाळकसाहेबांनी परवानगी दिली आणि देताना कानाला हात लावला.

चौथी माझी आई. तिचं जरा नीट सांगावं लागेल. आई सरकारी नर्स होती. खेडोपाडीची उपकेंद्रं, नाले ओलांडून केलेली बाळंतपणं, यात तिची सगळी नोकरी गेली. निम्मा तालुका तिच्या हातून जन्मला. त्यामुळे तिच्यापुढे वय चोरायची कोणाची टाप नव्हती. चर्चमधल्या एका बाईंनी मुलीच्या सोयरिकीत दोन वर्षं कमी सांगितली, तर आई पाहुण्यांसमोर म्हणाली, "नाही बापा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची हाय पोरगी, अन् तवापासून काही दोन पोळे कमी नाही झाले. म्याच तं नाळ कापली." लग्न झालं, पण त्या बाई वर्षभर आईशी बोलल्या नाहीत.

नर्सिंगच्या वसतिगृहात ती बाजाची पेटी शिकली होती आणि चर्चची पेटी तिच्याकडेच होती. आमचा पहिला कार्यक्रम नाताळातला. मास्तरनं पहिली ओळ उचलली ती एका सुरात, दुसरी दुसऱ्याच, आणि तिसऱ्या ओळीला तो नुसता लोकांकडे बघत उभा राहिला. तेव्हा बायकांच्या बाजूनं आई उठली, पर्स शेजारणीच्या मांडीवर ठेवली, पेटीशी जाऊन बसली आणि तिनं सूर धरला. गाणं कडेला लागलं. पाळकसाहेब म्हणाले, पेटीमुळं बरं वाटलं. तेव्हापासून आई बँडमध्ये. तिला कोणी घेतलं नव्हतं आणि तिनंही कोणाला विचारलं नव्हतं.

गिटारी आम्ही त्या पेटीवरच लावायचो. मोबाईलमध्ये सूर तपासायचं ॲप असतं, ते एकदा लावून पाहिलं. त्याचा काटा डावीकडेच पडायचा, म्हणजे आमच्या गिटारी उतरलेल्या. मावसभाऊ म्हणाला, "चायनाचा मोबाईल हाय, फेक." मग मास्तरचा मोबाईल पाहिला, मग पाळकसाहेबांचा. तिघांचे काटे डावीकडेच. वणीत रेंज धड नाही, असं आमचं मत पडलं आणि विषय संपला. आम्ही तिघं शिकलेले लोक आहोत, हे इथं सांगून ठेवतो.

बारा वर्षं बँड चालला, चालतो आहे. राळेगावला दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. दुसऱ्या गाण्याला ट्रॉल्या हळूहळू एकमेकींपासून दूर जायला लागल्या, ड्रम एकीवर आणि ड्रमवाला दुसरीवर. उमरखेडला एका लग्नात गेलतो. तिथं वऱ्हाडी मंडळींनी नाचायचं गाणं मागितलं, आणि आम्हाला तर सगळी देवाचीच येत होती. आम्ही एकमेकांची तोंडं पाहत असताना आईनं पश्चात्तापाचं एक संथ गाणं दुप्पट वेगानं सुरू केलं. पश्चात्ताप करत एवढी नाचलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

आणि प्रत्येक ठिकाणी आई तशीच. पांढरी सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, प्लास्टिकच्या स्टुलावर पेटी, पायात नर्सच्या नोकरीतले बूट. आम्ही केस वाढवले होते, हातात चामड्याचे पट्टे होते, उन्हाळ्यात अंगावर पुरळ उठेपर्यंत आम्ही रॉकवाले होतो. फोटो निघाला की सगळ्यांचं लक्ष आधी आईकडे जायचं. मला ते खुपायचं. आज लपवून काय करू, खुपायचंच.

मागच्या वर्षी राळेगावलाच चर्चच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, कोहळे आणि कापसाची गाठोडी मांडलेल्या स्टेजवर, माझी तार ऐन एकट्या गिटारीच्या तुकड्यात तुटली. आईनं मान वर न करता उरलेला तुकडा पेटीवर वाजवला, बुटानं ताल धरत. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो गावोगाव फिरला. महिन्याभरात नागपूरहून फोन आला. ख्रिस्ती बँडांचा मोठा मेळावा होता, मोठमोठ्या शहरांतले बँड येणार होते. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "सगळे या हं. सगळे."

मी काट्यावर होतो. समोर ट्रक उभा होता आणि मी त्याचं वजन दोनदा लिहिलं. मग मेळाव्याच्या जुन्या जाहिराती मोबाईलवर पाहिल्या. धूर सोडलेलं स्टेज, निळे दिवे, अंगावर शाई गोंदवलेली पोरं. त्यात मी आम्हाला बसवून पाहिलं. आम्ही तिघं बसलो. आई बसेना. घरी येताना रेल्वे फाटक बंद होतं, आणि गाडी जाईपर्यंत माझं खोटं तयार झालं.

आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, नागपूरचं आलं बोलावणं. पण त्याहीची अट हाय. पस्तीसच्या आतलेच पायजेत."

तिचा हात थांबला. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पस्तीस?"

"हो. तरुणांचा मेळावा हाय न."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. "च्या घेतं का?"

बँडमधल्या दोघांना ही अट सांगून चालणार नव्हतं, कारण ते फोन करून विचारतील ही भीती. त्यांना मी सांगितलं की आईचे गुडघे दुखतात. मावसभाऊ म्हणाला, "काहून? मावशी तं काल गच्चीवर वाळवन घालून राह्यली होती." मी म्हटलं, "काल चढली, म्हणूनच आज दुखून राह्यले." एकाच दिवसात दोन थापा आणि दोन्ही खपल्या, तेव्हा आपल्याला हे जमतं असं मला वाटलं.

निघायच्या सकाळी तिन्ही टी-शर्ट इस्त्री करून ठेवलेले. आईनं सूर लावण्यापुरती घरी आणलेली चर्चची पेटी ओसरीत उघडली. "सूर लावून घे," म्हणाली, आणि एक पट्टी दाबून बसली. दोघांना मी गुडघ्यांच्या भीतीनं नाक्यावरच थांबायला सांगितलं होतं; मास्तरची गिटार आणून ठेवली होती, दोन्ही मीच लावल्या. मग भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं हातात दिलं. तिला चल म्हणावंसं वाटलं. मी गाठोडं घेऊन निघालो.

नागपूरला स्टेजवर गेलो तर मधोमध एक गादीची खुर्ची होती. समोर बुटकं लाकडी टेबल, त्यावर पांढरा रुमाल, आणि दोन माईक खाली वाकवून ठेवलेले. फोनवाले गृहस्थ हात जोडून पुढं आले आणि आमच्या मागं पाहू लागले. "काकू कुठं आहेत?"

मास्तर म्हणाला, "त्यांचे गुडघे दुखतात."

"अरेरे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "आम्ही तर तुम्हाला त्यांच्यासाठीच बोलावलं होतं. व्हिडिओत स्टुलावर पेटी पाहिली, म्हणून टेबल करून घेतलं." मग त्यांना वाटलं असावं की आपण जास्त बोललो, म्हणून त्यांनी माझ्या गिटारचं कौतुक केलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी गिटारीसकट गेलो असतो.

खुर्ची हलवायला कोणी तयार होईना. ती तशीच मधोमध राहिली आणि आम्ही तिच्या आजूबाजूला उभे राहिलो. पेटीऐवजी त्यांनी ऐनवेळी एक कीबोर्डवाला दिला, चांगला शिकलेला. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला कळलं की तो एका गावी चालला आहे आणि आम्ही दुसऱ्या. त्यानं मास्तरकडे पाहिलं, मास्तरनं माझ्याकडे, मी खुर्चीकडे. दुसऱ्या कडव्याला त्या भल्या माणसानं कीबोर्डवरून हात उचलले आणि जोडून डोळे मिटले. लोकांना वाटलं प्रार्थना आहे, मग त्यांनीही मिटले. उरलेली दोन गाणी आम्ही मिटलेल्या डोळ्यांपुढं वाजवली.

खाली उतरल्यावर ध्वनीवाल्यानं त्याच्या यंत्रावर दाखवलं. आम्ही सगळेच उतरलेलो होतो, आणि सगळे अगदी सारखे. "असं मी कधी पाहिलं नाही," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पेटीच्या पोटात सुरांवर वणीची धूळ बसून तीच उतरली होती. बारा वर्षं आम्ही त्या धुळीत सूर लावत होतो आणि मोबाईलला शिव्या देत होतो.

संध्याकाळी घरी आलो. आईनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "चांगलं." तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या फाटकाशीच मास्तरची बायको पुढं आली, हातात तेलाची बाटली. "काकू, गुडघे कसे आहेत आता? नागपूरला जाता नाही आलं तुम्हाला. हे कडुलिंबाचं तेल आणलं." मागून महिला मंडळाच्या आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात शेकायची पिशवी. गुडघ्यांचं आईला काहीच माहीत नव्हतं.

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "काय सांगू बाई, लयच दुखून राह्यले." तिनं बाटली घेतली, आणि फाटकापासून पेटीपर्यंत लंगडत गेली. एवढंच नाही, तर उजव्या पायानं. कोणता पाय ते तिनं जागच्या जागी ठरवलं होतं. उपासनेत पाळकसाहेबांनी त्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो.

घरी आल्यावर मला राहवेना. "आई, तू काही बोलत काहून नाही? दे न दोन शिव्या."

ती बूट काढत होती. "ते नागपूरची अट कितीची सांगतली होती तू?"

"पस्तीस."

"अन् तुले किती झाले?"

खरंच सांगतो, रेल्वेच्या बंद फाटकाशी उभ्या उभ्या सगळा हिशोब केला होता, आणि एवढा एक राहून गेला होता.

"फेब्रुवारीत छत्तीस झाले," आई म्हणाली. "पहाटे साडेचारले झाला तू. अठरा तास लागले. मले नाही माहीत का?"

"मंग त्याच दिवशी कायले नाही बोलली?"

"तुले बारा वर्षांपासून एकडाव तरी मोठ्या बँडसारखं दिसायचं होतं. म्हटलं, दिसू दे." तिनं बूट भिंतीशी जोडून ठेवले. "मले वाईट वाटलं. नाही कसं वाटन?"

मी रडलो. छत्तीस वर्षांचा माणूस, हातात चामड्याचा पट्टा, ओसरीत बसून रडलो. आईनं पाणी आणून दिलं आणि पेटी साफ करायला चंद्रपूरचा माणूस बोलाव म्हणाली.

माणूस येऊन गेला. पेटी आता सुरात आहे आणि सगळ्या मोबाईलांची रेंज सुधारली आहे. नागपूरवाल्यांना मी फोन करून खरं काय ते सांगितलं; ते म्हणाले, पुढच्या वर्षी काकूंना घेऊन या, खुर्ची ठेवलेली आहे. चर्चमध्ये मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. दर रविवारी ठरवतो. आणि दर रविवारी आई घरून तरातरा चालत येते, गच्चीवर पाण्याची बादली नेणारी बाई, आणि चर्चचं फाटक आलं की उजव्या पायानं लंगडायला लागते. मी तिचा कोपर धरतो आणि पेटीपर्यंत नेऊन बसवतो. महिला मंडळातल्या बाया म्हणतात, पोरगा असावा तर असा.