म्हसळ्याच्या अलीकडे, दोन किलोमीटर आत

श्रीवर्धनला जायचं आम्हा दोघी मैत्रिणींचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी तिच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि तिचा फोन आला, "माझं काही जमत नाही गं, तू पण रद्द कर ना." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि भरलेल्या बॅगेकडे बघत बसले. मी बावन्न वर्षांची होते. अंधेरीच्या ऑफिसात तीस वर्षं विम्याचे दावे तपासत आले होते. चारकोपला घर, मुलगी नोकरीला लागलेली, सगळं जागच्या जागी. पण अनोळखी गावात एकटी राहिलेय, असा एकही दिवस मला आठवेना. तेव्हा बॅग परत उपसायची नाही, एवढंच मी ठरवलं.

नवरा म्हणाला, "शनिवारपर्यंत थांब ना, मी सोडतो."

"सोडायला मी काय पार्सल आहे?" मी म्हटलं. तो हसला आणि मग त्याने विषय काढला नाही.

श्रीवर्धनला जिच्या घरी खोली घेतली होती त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "व्हॅनने या. पहाटे बोरिवलीहून सुटते, अगदी दारात सोडतो." त्यांनी ड्रायव्हरचा नंबर दिला. मी लावला, तर पलीकडून दोनच प्रश्न आले. "एकट्या आहात? उलटी होते का गाडीत?" पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. दुसरं खोटं होतं.

पावणेसहाला हायवेवर तेरा सीटची पांढरी व्हॅन उभी होती. ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. बॅगा तो स्वतःच टपावर चढवत होता. माझ्याकडे एकदा नीट बघून म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या मागे, खिडकीला बसा." बसले आणि समोरच्या जाळीत हात घातला, तर आत घडी केलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि एक लिंबू. बाकी कुठल्या सीटसमोर लिंबू नव्हतं. माझं खोटं त्याने फोनवरच ओळखलं होतं.

दिंडोशीला सिग्नलच्या पुढे एक मुलगी धावत आली. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, केस अजून ओले. तिने खिडकीतून एक छोटी डबी आत दिली.

"दादा, बाबांचं मशीन. रिपेअर होऊन आलं. सहा आठवडे लागले. सेल वेगळा आहे, पाकिटात. आई साडेदहाला स्टॉपवर येऊन थांबेल."

"तू नाही येत?"

"रजाच नाही मिळत."

ड्रायव्हरने डबी डॅशबोर्डवर टाकली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. बाकीची पार्सलं, म्हणजे कोणाचा मिक्सर, कोणाचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा, मागे गेली होती. ते मशीन म्हणजे कानाचं यंत्र, हे मला डबीवरूनच कळलं. माझे वडील शेवटची अकरा वर्षं ते लावायचे.

जोगेश्वरीच्या नाक्यावर खारदांड्याची एक कोळीण चढली. साठीची, ठसठशीत, हातात भलामोठा नवा कुकर. माहेरी, श्रीवर्धनच्या बंदरावर, भाच्याचं लग्न होतं. सगळी गाडी तिला आत्या म्हणत होती आणि पुढची सीट जणू तिचीच होती. ती का, ते पवईपर्यंत कळलं. ड्रायव्हर गाडी चालवताना फोनला हात लावत नव्हता. फोन वाजला की तो म्हणायचा, "आत्या, बघ गो." आणि आत्या फोन उचलून खड्या आवाजात सांगायची, "आता पवई. तुझा नंबर घाटकोपरला. खाली येऊन थांब, तो थांबनार नाय." आम्ही वाशीचा पूल ओलांडेपर्यंत तिने सातआठ जणांना असं जागेवर बसवलं. एकाने बहुधा उलटं विचारलं, तू कोण म्हणून. ती म्हणाली, "मी पुढची सीट," आणि फोन ठेवला.

पेणच्या पुढे गाडी चहा-नाश्त्याला थांबली तेव्हा माझ्या बाजूचा तरुण खाली उतरलाच नाही. पांढरा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकच्या फाइलमधले कागद. म्हसळ्याला सरकारी ऑफिसात त्याचं जमिनीचं काम होतं आणि साडेबाराच्या आत पोचायचं होतं. पुण्याहून त्याचा काका सहीसाठी तिथे येणार होता. "पोचू ना?" त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "माणगावने सोडलं तर पोचू."

माणगावने सोडलं नाही. गावाच्या अलीकडेच ट्रक, एसट्या, खासगी गाड्या एकमेकांत अडकून उभ्या होत्या. ऊन वाढत गेलं. आजूबाजूला सगळे हॉर्न वाजवत होते. आमच्या माणसाने इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसला. मध्येच एक जीप उलट्या बाजूने घुसली आणि आमच्या नाकासमोर येऊन अडली. मला वाटलं आता शिव्या ऐकायला मिळणार. त्याने खाली उतरून मागच्या दोन ट्रकवाल्यांशी बोलून सगळ्यांना हातभर मागे घेतलं, जीपला वाट करून दिली आणि येऊन बसला. त्या जीपवाल्याने साधा हातही केला नाही. तीस वर्षं मी दाव्यांचे कागद वाचलेत. असल्या हातभर जागेसाठी माणसं काय काय करतात, ते मला पाठ आहे. मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. ती जराही ताठली नव्हती.

तिथून सुटलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. पुढे घाट लागला आणि माझं पोट ढवळायला लागलं. मी लिंबू नाकाशी धरलं. त्याने आरशात पाहिलं असणार, कारण गाडी वळणांवर एकदम मऊ चालायला लागली. उलटी झाली नाही.

म्हसळ्याच्या अलीकडे एका स्टॉपवर त्याने गाडी थांबवली. पत्र्याची शेड रिकामी होती. फोन लावला, रेंज नाही. बाजूच्या टपरीवाल्याने सांगितलं, "काकू साडेदहापासून बसल्या होत्या. आत्ता वीसेक मिनिटांमागे गेल्या घरी. काकांना एकट्याला ठेवून आल्यात म्हणत होत्या."

ड्रायव्हर गाडीकडे आला आणि दारात उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "मशीन द्यायचंय. टपरीवर ठेवू शकतो, पण मग ते आज पोचेल की उद्या, सांगता येत नाही. वस्ती दोन किलोमीटर आत आहे. जाऊन येऊन वीस मिनिटं. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

बहुतेकांनी मान हलवली. माझ्या बाजूचा तरुण म्हणाला, "माझी आहे. सॉरी, पण आधीच उशीर झालाय. काका निघून गेला तर परत सहा महिने."

गाडीत कुजबूज झाली. आत्या मागे वळून त्याला काहीतरी बोलणार होती. ड्रायव्हर म्हणाला, "गप गो आत्या. त्याचं बरोबर आहे." तो रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. पाच-सात मिनिटांत मागून एक दुसरी व्हॅन आली. त्या ड्रायव्हरचं आणि याचं फारसं पटत नसावं, कारण आधी दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते. मग आमच्या ड्रायव्हरने काचेवर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि त्या गाडीचं दार उघडलं. तरुणाची बॅग याने स्वतः टपावरून उतरवून त्या गाडीत नेऊन ठेवली. "ऑफिसच्या दारातच सोडेल," म्हणाला. तरुण अवघडून थँक्यू म्हणाला आणि गेला. त्याचं काम झालं की नाही, मला माहीत नाही.

मग आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, रस्ता एका गाडीपुरता. एका कौलारू घरापाशी थांबलो. अंगणात सुपारी वाळत घातली होती आणि मध्ये एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे बसून सुपाऱ्या सोलत होते. एवढी मोठी गाडी मागे येऊन उभी राहिली, दार सरकलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

ड्रायव्हर सरळ त्यांच्याकडे गेला नाही. लांबून वळसा घेऊन, सुपाऱ्यांच्या कडेकडेने चालत, समोर जाऊन उभा राहिला. त्यांनी मान वर करून त्याला पाहिलं, ओळखीचं हसले, तेव्हा कुठे तो जवळ गेला. आत्या मला म्हणाली, "मागनं हात लावला की ते दचकतात, यानंच सांगितलंय मला." सहा आठवड्यांत हे त्याच्या लक्षात कधी आलं असेल? तो तर रोज या रस्त्याने जाणारा, फक्त गाडीतून दिसणारा माणूस.

काकू घरातून आल्या. आत्ताच उन्हातून चालत आलेल्या, चेहरा लाल. ड्रायव्हरने खिशाचं बटण काढलं, डबी उघडली, पाकिटातला सेल काढून यंत्रात बसवला आणि काकांच्या कानामागे लावलं. काकू म्हणाल्या, "ऐकू येतंय का?" काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या परत मोठ्याने म्हणाल्या. काकांनी मान हलवली, नाही. ड्रायव्हरने यंत्र काढलं, फुंकलं, परत लावलं. नाहीच. काकूंचा चेहरा असा उतरला की मी गाडीतून उतरले.

"मी बघू का? माझ्या वडिलांना होतं."

ड्रायव्हरने लगेच यंत्र माझ्या हातात दिलं. सेलचं झाकण उघडलं, तर नारिंगी स्टिकर तसाच चिकटलेला. "हा काढावा लागतो," मी म्हटलं. "आणि काढल्यावर लगेच नाही लावायचा. मिनिटभर हवा लागू द्यायची." सेल तळहातावर घेऊन मी उभी राहिले. ड्रायव्हर, काकू, खिडकीतून माना काढलेली सगळी गाडी, सगळे माझ्या तळहाताकडे बघत होते. वडिलांच्या वेळी मी हे हजारदा केलं असेल, बहुतेक वेळा ऑफिसला उशीर होतोय म्हणून चिडत. त्या मिनिटात मला त्यांच्या कानाची जाड पाळी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

सेल बसवला, यंत्र लावलं. आधी एक बारीक शिट्टी वाजली. मग गाडीतून आत्या ओरडली, "झालं काय गो?"

काका दचकले. "कोण ओरडतंय हे?"

सगळे हसले. आत्या सगळ्यात जास्त. काका त्या हसण्याकडेही कान लावून बघत होते. मग ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "आता सांग. चहात साखर जास्त घालतेस, हे मी सहा आठवडे सांगतोय, तर तू नुसते हातवारे करतेस."

काकू म्हणाल्या, "आणि मी सहा आठवडे सांगतेय की घरातली साखर संपलीय. गूळ घालतेय."

"असं होय," काका म्हणाले. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना चहा घेऊनच जायचा आग्रह केला. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, गाडीत दहा माणसं आहेत, परत कधीतरी." स्टिकर कसा काढायचा आणि हवा किती वेळ लागू द्यायची, ते मी काकूंना दोनदा दाखवलं. त्याहून नीट ड्रायव्हरने बघून घेतलं.

गाडी परत रस्त्याला लागल्यावर मी त्याला विचारलं, "रोज असं काही असतं का?"

"काल एकाच्या म्हशीचं औषध होतं," तो म्हणाला. "ते बरं. म्हशीला कोणी सेल घालत नाही."

त्याला वाटलं असावं की सेल न लागल्यामुळे आपली जरा शोभा झाली. मला मात्र कौतुक याचं वाटत होतं, की एक अनोळखी बाई मध्ये पडली तेव्हा त्याने क्षणभरही यंत्र स्वतःच्या हातात धरून ठेवलं नाही. आमच्या ऑफिसात एवढं जमणारे साहेब मी दोनच पाहिलेत.

दोन वाजता त्याने मला खरंच दारात उतरवलं. जेवणाला थांबा म्हणून घरमालकीण आग्रह करत होत्या. तो नको म्हणाला. तीनच्या परतीआधी गाडी धुवायची होती. आत्या त्याआधीच बंदराशी उतरली होती, तेव्हा मला म्हणाली, "उद्या सकाळी बंदरावर ये. लग्नाची मासळी घ्यायचीय. तू पन बघ, एकटी काय खोलीत बसशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेले. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या आणि आत्या तिच्या भावजयांच्या घोळक्यात उभी राहून सुरमईच्या भावावरून कोणाला तरी झापत होती. मला बघितल्यावर तिने एक ओली टोपली सरळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धर." मी चपला काढून वाळूत उभी राहिले आणि धरली. नवऱ्याचा फोन वाजत होता, पण दोन्ही हात गुंतले होते.