कोलंबीची डोकी

लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हा ती आमच्या भाईंदरच्या मिठागरावर कामाला आली. नाव कुणी विचारलं नाही; उत्तनहून यायची म्हणून आम्ही बायका तिला उत्तनवाली म्हणायचो.

भरतीच्या पाण्याबरोबर मिठागरात कोलंबी यायची. मुकादम ती आमच्याकडून सोलून घ्यायचा आणि डोकी फेकायला सांगायचा. उत्तनवाली ती डोकी गोळा करायची, दगडावर ठेचून रस पिळायची आणि दुधीची सालं, चिंच, मिरची घालून कालवण करायची. आम्हा सगळ्यांना वाढायची.

"कचरा खाता," म्हणत मुकादम हसायचा. एका दुपारी वास आला तशी त्यानेच वाटी पुढे केली.

तिने मडक्यावर झाकण ठेवलं. "कचरा हाय त्यो. तुम्हाला न्हाय वाढायची."

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

उरलेलं कालवण तिने आमच्या थाळ्यांत वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, तर मुकादमाने तिला बांधावरच अडवलं. आम्ही सगळ्या बांधावर तिच्याशेजारी उभ्या राहिलो. तिला उतरू देईपर्यंत आमच्यातली कुणीच कामाला उतरेना. शेवटी मुकादम तोंड फिरवून निघून गेला. ती सरळ मिठात उतरली, आणि तिच्यामागे आम्ही.