पहिला घास

बोंबील तळल्याचा वास आला की अजूनही मला अंधेरीचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. घशाच्या ऑपरेशननंतर पप्पांना नाकातल्या नळीतून पेज द्यावी लागायची. त्यांच्या देखत जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी ओट्याशी उभ्याउभ्याच चोरासारखा जेवण उरकायचो. एका दुपारी ते भिंत धरत आत आले. “पप्पा, उठलात कशाला?” मी चिडलोच. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तुला गिळता येतंय ना? मग देवाचे आभार मान की रे!” मी प्रार्थना कशीबशी पुटपुटली. ‘आमेन’ त्यांनीच म्हटलं आणि मी पहिला घास गिळेपर्यंत ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले. आता रोज प्रार्थना म्हणतो, तरी पहिला घास पाण्याशिवाय उतरत नाही.