देवीच्या दारातला झेंडू

झेंडू आपला नाही, हे मला बी.एस्सी. झाल्यावर कळलं, तेही भर सभेत. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यातून विषय वनस्पतिशास्त्र. तरी हे मला ठाऊक नव्हतं. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात नवरात्राचं व्याख्यान होतं. बाहेरगावचे वक्ते बोलता बोलता म्हणाले, की हे फूल मूळचं मेक्सिकोचं, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आलं. तिकडे लोक ते मेलेल्यांच्या वाटेवर अंथरतात, पितरांना घर सापडावं म्हणून.

मी मागे वळून बाबांकडे पाहिलं.

बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे साधे मजूर, साताऱ्याकडून आलेले. मंडळात सगळी खंडेराव गेटकडची जुनी, घरंदाज मंडळी. त्यांच्यात बाबांना मान वर्षातून एकदाच मिळे. दसऱ्याला मंडळातल्या देवीच्या दारावर तोरण लागे ते आमच्या क्वार्टरमागच्या झेंडूचं. आषाढात रोपं लावली की बाबा ड्यूटीवरून आधी वाफ्याकडे जात, चहा नंतर.

व्याख्यान संपताच मंडळाचे चिटणीस उठले. यंदापासून तोरण नुसतं आंब्याच्या पानांचं, म्हणाले. मेलेल्यांचं फूल देवीच्या दारात नको. बाबा टोपी नीट करत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॉलेजात जाऊन सरांना गाठलं. वाटलं, सगळं खोटं निघेल. सर हसले. "बिटिया, गेंदा ही क्यों? मिर्च, आलू, मूँगफली, सब उधर का है. तुम लोगों का साबूदाना भी."

साबुदाणासुद्धा! मी तिथल्याच बाकावर बसले.

अष्टमीला मंडळात उपासाचा फराळ होता, अर्थात खिचडी. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर मी उभी राहिले आणि सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पानात देशी म्हणावं असं तूप, जिरं आणि मीठच उरतं, बाकीचं परत करायचं का, असंही विचारलं. हात थांबले. मग कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, तोंडात घास असताना काय सांगतेस?" आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतली. चिटणीसांनीही घेतली. मला वाटलं, जिंकले.

दसऱ्याला सकाळी जाऊन पाहते, तर दाराला नुसती आंब्याची पानं. मी घरी परतले. खिचडी पचली, पण फूल नाही. बाबांनी तरीही झेंडू तोडून माळा ओवल्या होत्या. कुणासाठी, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. नवी कोरी, आणि वर चिटणीस. बडा बाजारात फुलं शिळी निघाली, म्हणाले; गाडीची पूजा खोळंबलीय, एखादी माळ मिळाली तर बरं.

ज्या माणसाने भर सभेत फूल बाद केलं, तो आमच्या दारात तेच मागत होता. मी तोंड उघडणार, तोच बाबा शांतपणे म्हणाले, "मेलेल्यांचं फूल आहे, साहेब. गाडीला चालेल?"

चिटणीस खाली पाहू लागले.

"आधी देवीच्या दाराला," बाबा म्हणाले. "उरलं तर गाडीला."

मग चिटणीसांनी स्कूटर वळवली, आणि बाबा मांडीवर टोपली घेऊन त्यांच्या मागे बसले.