होडी ओढायचा दोर

काल नातवाच्या शाळेत मला रस्सीखेचीचा पंच म्हणून बसवलं. गुडघे ठणकत होते, ऊन सोसवत नव्हतं. दोर हातात आला आणि काथ्याच्या वासाने मी साठ वर्षं मागे गेलो.

तारापूरला अणुवीज केंद्र बांधत होते, तेव्हा मी गावच्या शाळेत कवायत शिकवायचो. परदेशी इंजिनिअरांच्या मुलांची छोटी शाळा वसाहतीत होती. दोन्ही शाळांची मुलं एकत्र यावीत म्हणून खेळ ठेवले आणि मुलं मिसळून दोन संघ केले. दोर कोळीवाड्यातून आणला होता, होडी ओढायचा, मासळीचा वास मारणारा.

शिट्टी झाली. आमच्या शाळेतल्या कोळ्यांच्या हिराने सवयीने होडी ओढायची हाळी दिली, तशी समोरच्या संघातली कोळ्यांची पोरं पलीकडचं टोक सोडून तिच्या मागे येऊन ओढू लागली. पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली. मी ओरडलो, तर हिरा शांतपणे म्हणाली, "गुरुजी, होडी वढताना समोरून कोन वढतं?"

तेवढ्यात समोर उरलेली, ओढली जाऊन पडलेली गोरी मुलंही हसत उठली आणि तिच्याच मागे दोराला लागली. समोर कोणीच उरलं नाही.

मी शिट्ट्या मारून मारून सगळ्यांना पुन्हा दोन बाजूंना उभं केलं.