सात म्हशींची कुर्डुवाडी

१९९० च्या जूनमध्ये मी कुर्डुवाडी सोडली तेव्हा अण्णा, माझे वडील, स्टेशनवर सोडायला आले होते. माझी चार वर्षांची मुलगी मुक्ता माझा हात धरून उभी होती. माझा नवरा सुधीर आधीच जपानमध्ये, कोबेला पोचला होता, तिथे त्याला सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. निरोपाचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "पोचल्यावर पत्र टाक," एवढंच म्हणाले आणि डब्याच्या चाकांकडे बघत राहिले. मलाही रडू आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तिकडे राहिलेल्यांना हे वाचून राग येईल, पण इकडे आलेल्या कितीतरी जणी मनातल्या मनात मान हलवतील.

कोबेत आमच्या समोरच्या दारात चेनसान राहायची. ती चीनमधल्या ग्वांगझौची, नवरा इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करणारा. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे तिनेच मला शिकवलं. मी बेंतोच्या, म्हणजे डबे भरायच्या कारखान्यात अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला, रोज चार तास, आणि शाळा सुटल्यावर मुक्ता चेनसानकडे जाऊ लागली. उपकार म्हणावेत असंच सगळं. तरी मी तिच्यावर जळायचे. माझ्या घरी वरणभात चिवडत बसणारी मुक्ता तिच्याकडे वाटी चाटूनपुसून खायची. चेनसानचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं होतं, केस माझ्यापेक्षा लांब होते आणि आवाज कधी चढायचा नाही. बाई वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

एक दिवस मुक्ता चेनसानने सांगितलेली गोष्ट घेऊन उड्या मारतच घरी आली. चेनसानच्या गावात फार पूर्वी दुष्काळ पडला, तेव्हा आकाशातून पाच देव पाच बकऱ्यांवर बसून उतरले. प्रत्येक बकरीच्या तोंडात भाताची लोंबी होती. देवांनी भात लोकांना दिला, आता इथे कुणी उपाशी राहणार नाही असा आशीर्वाद दिला आणि ते निघून गेले. बकऱ्या मात्र तिथेच दगड होऊन राहिल्या. त्या शहराला अजून बकऱ्यांचं शहर म्हणतात, बागेत त्यांचा मोठा पुतळा आहे, चिन्हही तेच.

"आई, आपलं गाव कुठल्या प्राण्याने आणलं?"

"रेल्वेने," मी म्हणाले. तेच खरं होतं. रूळ आले, जंक्शन झालं आणि भोवती गाव वाढलं.

"रेल्वे प्राणी नाहीये," ती म्हणाली आणि वहीत पाच बकऱ्या काढू लागली. शाळेत 'माझ्या घरच्यांचं गाव' लिहून न्यायचं होतं आणि माझी मुलगी बकऱ्या काढत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लाटणं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं की कुर्डुवाडी सात म्हशींनी वसवली. आकाशातून आल्या, तोंडात ज्वारीची कणसं होती, नंतर दगड झाल्या. दगड कुठे आहेत, तिने विचारलं. वर्कशॉपच्या मागे, मी म्हणाले. पाचावर थांबायचंही मला सुचलं नाही.

जुग्यो सानकानच्या दिवशी, म्हणजे आईवडिलांनी वर्गात मागे उभं राहून तास बघायचा त्या दिवशी, मुक्ताने म्हशींची ती गोष्ट खणखणीत जपानीत वाचली. टाळ्या पडल्या. मुक्ताने आपणहून बोलावलेली चेनसान माझ्या शेजारीच उभी होती. तिने वाकून हळूच म्हटलं, "आमच्याकडे पाचच होत्या. तुमचं गाव मोठं असणार." त्यात कुजकेपणा नव्हता, की होता, मला आजही ठरवता येत नाही. मी चपला शोधायला गेले.

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही कुर्डुवाडीला गेलो. चहा व्हायच्या आधीच मुक्ताने अण्णांना म्हशी दाखवायला सांगितल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते तिला घेऊन वर्कशॉपच्या मागे गेले, आणि मीही मागोमाग. तिथे गंजलेली चाकं होती आणि वेड्या बाभळी.

"म्हशी नव्हत्या गं," अण्णा म्हणाले. "माझे आजोबा परांड्याकडून आले, रूळ टाकायला. शेजारचे नायडू आंध्रातून. इथं मूळचं कुणीच नाही बघ. जो तो कामासाठी उतरला आणि राहिला."

मुक्ताने एका चाकाचा गंज बोटाने खरवडला. "म्हणजे आजोबा, तुम्हीपण गाईजिन?"

गाईजिन म्हणजे बाहेरचा माणूस, मी सांगितलं. "होय की," म्हणत अण्णा हसले. माझ्याशी मुक्ता दोन दिवस बोलली नाही. कोबेला परतल्यावर ती एकटीच समोरच्या दारात गेली आणि खोट्या म्हशींबद्दल माफी मागून आली. खरं तर मीच जायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी चेनसान ग्वांगझौला परत गेली. तिथून फोटो आला: दगडी बकऱ्यांसमोर ती उभी, तसेच लांब केस. मी तो ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवला. परत जाऊन उभं राहायला तिला एक ठरलेली जागा होती. मी गेले तर लोक विचारतात, परत कधी निघणार.

मुक्ता आता तेरा वर्षांची आहे. परवा ट्रेनमध्ये एका आजीबाईंनी तिला विचारलं, तू कुठली? मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले: इंडिया, मग महाराष्ट्र, मग सोलापूर जिल्हा. तोवर ती "कोबे" म्हणून मोकळी झाली होती आणि आजीबाई मान डोलावून उतरूनही गेल्या होत्या. चेनसानचा मला कधी वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या क्षणी माझ्या पोरीचा वाटला.